दवा सांडंल

आमच्या मिरजगावात कुणी बिनकामाचा चालताना दिसला, तर एक तर त्याची म्हैस हरवलेली असे, नाही तर डोकं फिरलेलं. म्हणून नगरच्या डॉक्टरांनी वडिलांना रोज चालायला सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

वडील एके काळचे पैलवान. पुढे कापडाच्या दुकानात गादीवर बसून बसून गुडघे आखडले. यात्रेतल्या हगाम्यात, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, पहिली कुस्ती लावायचा मान त्यांचा. पण एकाहत्तर सालच्या यात्रेत त्यांना आखाड्यापर्यंत बैलगाडीतून न्यावं लागलं, चौघांनी धरून उतरवावं लागलं. घरी आल्यावर म्हणाले, "फुडच्या साली पायी जाता आलं न्हाई, तर मान दुसऱ्याला द्या." मला रडूच कोसळलं.

हे डॉक्टर खेळाडूंचे गुडघे बघत. ते म्हणाले, पैलवानाचा गुडघा दुखावला तरी मी त्याला निजवून ठेवत नाही, मांडीत ताकद आणतो आणि चालवतो. तुम्हालाही तेच. बाजेवर पडून पाय ताठ उचलायचे, मग चालायचं.

पाय उचलणं जमलं. चालणं जमेना, कारण गाव भलं. वडील वेशीबाहेर पडले की मागून गाडी थांबायचीच. नाही म्हणावं तर गाडीवान रुसणार. भीड भिकेची बहीण म्हणतात; वडील पायी निघायचे आणि गाडीत बसून परत यायचे. मी चिडून डॉक्टरांकडे गाऱ्हाणं नेलं. ते हसून म्हणाले, चालणं हेच औषध आहे असं लोकांना सांगा, औषधाच्या आड कुणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली. वडील म्हणाले, "दवा चाललीय माजी. गाडीत बसलो तर सांडंल."

गाडीवानाला ते पटलं, आणि गावभर झालं. शेजारच्या बांगडीवाल्या चाचांची कंबर धरायची. तेही ती दवा घ्यायला बरोबर निघाले. मग किराणावाले आले. बघता बघता सकाळचा रस्ता आमचाच झाला.

पुढच्या यात्रेला वडील काठीसुद्धा न घेता घरातून निघाले. हलग्या कडाडत होत्या, मागे चाचा, किराणावाले, आणि सगळ्यांत शेवटी तोच गाडीवान, कासरा धरून पायी, गाडी रिकामी. आखाड्यात वडिलांनी दोघा पैलवानांचे हात जुळवून कुस्ती लावली आणि कुणाला कळायच्या आत स्वतःच शड्डू ठोकला. शिट्ट्यांनी आखाडा दणाणला. मी तर ओरडून ओरडून घसा बसवला.

परतताना गाडीवानानं सवयीनं पुन्हा विचारलं, "तात्या, बसता का?"

वडील म्हणाले, "तूच खाली उतरलायस, मग मी कशाला चढू?"