पाचवा पासपोर्ट

कुणी नवा कपडा दाखवायला आणला की जमनाबाई आधी तो उलटा करतात. रंग, नक्षी, कौतुक सगळं नंतर, आधी आतली शिवण. दाखवणाऱ्याचा चेहरा उतरतो, पण त्याला इलाज नाही. बोम्मनहळ्ळीच्या एका कपड्याच्या कारखान्यात बाई एकतीस वर्षं होत्या आणि त्यातली बावीस वर्षं चेकर होत्या. तयार शर्ट टेबलावर यायचा, बाई तो उलटासुलटा करायच्या, आणि जिथे टाका सुटला असेल किंवा बटण सरकलं असेल तिथे नखाएवढा लाल बाण चिकटवायच्या. मग तो शर्ट पास, नाहीतर अल्टर, नाहीतर सरळ रिजेक्ट. कंटेनर निघायची वेळ झाली की सुपरवायझर गयावया करायचा, "जमनक्का, स्वल्प डोळे झाका की!" बाईंनी कधी झाकले नाहीत. त्यांच्या टेबलावरून वाकडी कॉलर पुढे गेली, असं अख्ख्या लाइनीत कुणी सांगू शकणार नाही.

आणि हीच बाई घरात मात्र गाय. घरातल्या एकाही गोष्टीला तिने उभ्या जन्मात बाण लावला नव्हता.

त्यालाही कारण होतं. मुलगा अभिजीत सात वर्षांचा असताना नवरा गेला, तेव्हा मोठे दीर हंबीरराव पाठीशी उभे राहिले. जे. पी. नगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला त्यांनी भावजयीला दिला आणि पुतण्याच्या शिक्षणात लक्ष घातलं. माणूस वाईट नाही, हे जमनाबाई आजही छातीवर हात ठेवून सांगतील. पण उपकाराचं एक असतं, करणारा विसरला तरी घेणाऱ्याला विसरता येत नाही. घरातली माणसं तिरुपतीला निघाली की कुणीतरी म्हणायचं, "घराचं काय? जमना आहे ना." धर्मस्थळ, उडुपी, हंबीररावांच्या लेकीकडे मस्कत, प्रत्येक वेळी जमना होतीच. कुंड्यांना पाणी घालायला, दूध घ्यायला, चोराला भीती घालायला. एकदाही तिला कुणी "तू येतेस का?" असं विचारलं नाही, आणि तिनेही कधी "मी येते" म्हटलं नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. सून चंदनाने दिवाळीत क्रूझची टूम काढली. मार्चमध्ये सिंगापूरहून जहाज धरायचं आणि चार रात्री समुद्रावर काढायच्या. हंबीररावांनी ती कल्पना ऐकताक्षणी उडवून लावली. "पाण्यावर जेवायचं, पाण्यावर झोपायचं, हे काय माणसाचं लक्षण झालं?" पण त्यांच्या बायकोने, वसुमतीने, हात वर केला. तिच्या मागोमाग जमनाबाईंनीही केला, आणि सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग ठरलं. अभिजीत आणि चंदना एका खोलीत, दोघी जावा दुसऱ्या खोलीत. ज्याचे त्याचे पैसे ज्याने त्याने भरायचे. सुरुवातीची रक्कम भरली गेली.

जमनाबाईंना जहाजावर कशासाठी जायचं होतं, हे कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. त्यांनी पास केलेले लाखो शर्ट खोक्यांत बसून समुद्रापार गेले होते. खोक्यांवर गावांची नावं असायची, ती त्यांना पाठ होती. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे जहाजात बसवून दिले, आता एकदा आपण बसायचं. एवढंच. पण ते "एवढंच" त्यांना इतकं हवं होतं, की तेव्हापासून त्यांनी गुडघ्याचे व्यायाम एक दिवस चुकवले नाहीत.

उरलेली सगळी रक्कम भरायची अखेरची तारीख होती शनिवार, दहा जानेवारी. गुरुवारी अभिजीत म्हणाला, "आई, एजंट लिंक पाठवेल. नुसतं बटण दाबायचंय, ते मी दाबतो."

"दाबल्यावर उसवता येतं का?"

"म्हणजे?"

"पैसे परत मिळतात का, नाव बदलता येतं का, खोली बदलता येते का?"

"अगं, एकदा फायनल भरलं की सगळं पक्कं. मग काही नाही करता येत."

"सरी, ठीक आहे. मग मी आधी कागद बघून येते."

"काही गरज नाहीये आई," अभिजीत एकदम घाईने म्हणाला. त्याच्या त्या घाईकडे जमनाबाईंनी लक्ष दिलं नाही. घरात त्या कुठे चेकर होत्या!

शुक्रवारी सकाळी त्या एजंटाच्या ऑफिसात हजर. एजंट महांतेश निपाणीकडचा. मराठी ऐकून खूश झाला. "बसा की ओ अक्का! च्या सांगू?" म्हणाला. बाईंनी चहा नको म्हटलं, चष्मा पुसला, पर्समधून लाल बाणांची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि बुकिंगचा कागद मागितला. महांतेशला वाटलं, पाच मिनिटांचं काम. तास गेला.

विमान सिंगापूरला सकाळी दहाला उतरणार आणि जहाज दुपारी निघणार. "विमानाला उशीर झाला तर जहाज थांबतं का?" थांबत नाही. मग आदल्या दिवशी जायला काय झालं? बाण. दोघी जावांच्या खोलीला खिडकी आहे का? नाही. "समुद्र बघायला जायचं आणि चार रात्री भिंत बघायची?" बाण. खिडकीची खोली थोड्या जास्त पैशांत मिळत होती, महांतेशने सांगितलंच नव्हतं. विम्यात जुनं दुखणं धरलंय का? माझा गुडघा, जाऊबाईंची शुगर. धरलेलं नव्हतं. बाण. जहाजावरची बक्षिसी या पैशात आली की तिथे वेगळी मागणार? वेगळी. तर मग ते इथे लिही, तिथे तोंड बघत बसायला नको. बाण. "आजारी पडून जाणं रद्द झालं तर?" उद्यापर्यंत थोडं कापून परत, उद्यानंतर अर्ध्याहून जास्त बुडालं. हे त्याने खरं सांगितलं, म्हणून तिथे बाण लागला नाही.

महांतेशच्या कपाळावर घाम आला होता, पण त्याला मजाही वाटू लागली होती. "अक्का, माझ्याकडं नोकरीला येता काय ओ?"

"आधी पासपोर्ट दाखव. चौघांचे."

त्याने झेरॉक्स पुढे केल्या. बाईंनी मोजल्या. माणसं चार, कागद पाच.

पाचवा कागद हंबीररावांचा होता.

"हा कशाला?" बाईंनी विचारलं. महांतेशने सरळ मनाने फोनवरचा मेसेज दाखवला. अभिजीतचा होता, बुधवारचा. फायनल पेमेंटच्या आधी एक नाव बदलायचंय, आईच्या जागी मोठे काका, आमचे दोड्डप्पा. दोड्डप्पा आणि दोड्डम्माच्या लग्नाला मार्चमध्ये पन्नास वर्षं होतात, जोडीने जाऊ दे. लिंक काकांच्या नावाने बनवा.

"तुमाला म्हाईत नव्हतं?" महांतेश चाचरला. "मला वाटलं, घरात ठरलं असंल."

"घरातच ठरलंय," जमनाबाई म्हणाल्या. "मला तेवढं सांगायचं राहिलं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते त्यांना त्या खुर्चीत कळलं. दोन महिने 'पाण्यावर झोपायचं' म्हणून नाक मुरडणारा माणूस वसुअक्काच्या फोनवर जहाजाचे फोटो बघून पाघळतो काय, आणि आयत्या बिळावर नागोबा होतो काय! आणि पोटचा मुलगा ताकास तूर न लागू देता आईचं नाव खोडतो. का, तर जमना आहे ना. ती समजून घेईल. घर राखील. दूध घेईल.

रागातसुद्धा हात आपलं काम करत होता. पाचव्या कागदावरची तारीख त्यांनी वाचली, बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले.

"महांतेश, पासपोर्ट किती दिवसांचा शिल्लक लागतो?"

"सहा महिने, अक्का."

"हा दोन ऑगस्टला संपतोय."

महांतेशने कागद ओढून घेतला, बघितला आणि जीभ चावली. मग त्याचा चेहरा उजळला. "अक्का, मिटलं की ओ सगळं! नाव तर उद्याच्या आत पासपोर्टाच्या नंबरासकट बदलायला पायजे, नवा पासपोर्ट काय उद्या येत न्हाई. म्हणजे काकांचं जमतच न्हाई. आत्ता फोन लावून सांगतो. भांडण न्हाई, तंटा न्हाई, तुमची जागा तुमाला."

जमनाबाईंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट डोकं आणखीच तापलं.

"फोन लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगेन, मला सांगायचं तेव्हा. तू एवढे बाण दुरुस्त कर आणि संध्याकाळी लिंक पाठव. माझ्या नावाने. माझ्या फोनवर."

संध्याकाळी खालच्या मजल्यावर सगळे होते. वसुमती भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे वालाचे दाणे, परातीत घेऊन एकेक दाणा चिमटीत दाबून सोलत बसली होती. हंबीरराव टीव्हीसमोर. अभिजीत बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून दोन तासांनी सुटून नुकताच आला होता, चंदना त्याला कॉफी देत होती. जमनाबाई येऊन मधोमध उभ्या राहिल्या आणि टीव्ही बंद केला. त्या घरात हंबीररावांचा टीव्ही आजवर कुणी बंद केला नव्हता.

"अभिजीत, माझं नाव खोडायला सांगितलंस?"

कॉफीचा पेला तसाच हातात राहिला. "आई, मी आज सांगणारच होतो. अगं, पन्नास वर्षं होतायत त्यांच्या लग्नाला. जोडीने गेले तर किती छान. तू पुढच्या वर्षी जा ना. मी स्वतः पाठवतो तुला."

"माझी जोडी तुझ्या सातव्या वर्षी फुटली. म्हणून मी काय जन्मभर फाटकाशी उभी राहू?"

"असं कोण म्हणतंय? तुला काही वाटणार नाही असं वाटलं."

"मला वाटतं. तिरुपतीला वाटलं होतं, मस्कतलाही वाटलं होतं. तेव्हा मी बोलले नाही, ही माझी चूक. आता बोलते. मी जाणार."

हंबीरराव खुर्चीत ताठ झाले. पंचाहत्तरीचा माणूस, सवय ऐकून घेण्याची नव्हती. "जमना, मी माझ्या बायकोबरोबर जाऊ नको म्हणतेस?"

"जा की अण्णा. जगभर जा. पण माझ्या जागेवर बसून नाही."

"एवढं केलं तुमच्यासाठी, त्याचं हे?"

हे येणार, हे त्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं त्या याच वाक्याला भीत आल्या होत्या. आता ते आलं, आणि छत कोसळलं नाही. "केलंत. मी कधी नाही म्हणाले नाही आणि म्हणणार नाही. तुम्ही आजारी पडलात तर उशाशी मीच बसेन. पण उपकार केलेत म्हणजे मला विकत घेतलं नाहीत, अण्णा."

चंदना जमिनीकडे बघत होती. मग परातीकडून आवाज आला.

"मला कुणी विचारलंय का, मला कुणाबरोबर जायचंय?" वसुमती दाणा सोलतच म्हणाली. "पन्नास वर्षं ह्यांचं घोरणं ऐकते आहे. चार रात्री जमनाबरोबर ठरल्या होत्या, मी खूश होते."

हंबीररावांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू परातच बोलली.

जमनाबाईंनी फोन काढला. लिंक आली होती. नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, पासपोर्टातल्यासारखं पूर्ण. खिडकीची खोली, विम्यात गुडघा, आदल्या दिवशीचं विमान, सगळं एकेक करून बघितलं. राग कितीही असो, न बघता पास करायचं नाही. मग सगळ्यांच्या देखत बटण दाबलं. फोन टिंग वाजला. आता ते नाव कुणाच्या बापाला बदलता येणार नव्हतं.

"झालं," त्या म्हणाल्या आणि दिरांसमोरच्या मोढ्यावर बसल्या. आवाज आता खाली आला होता, त्यात राग उरला नव्हता. "अण्णा, आता ऐका. तुमचा पासपोर्ट दोन ऑगस्टला संपतोय. सहा महिने शिल्लक नसले तर विमानात चढू देत नाहीत. तुम्हांला बॅगांसकट परत पाठवलं असतं. सोमवारी मी बरोबर येते, नवा करायला टाकू. मग वसुअक्काला घेऊन कुठे जायचं तिथे जा. घर मी नाही राखणार, कुलूप लावा."

हंबीररावांनी हातातला रिमोट खाली ठेवला. मग "सरी," एवढंच म्हणाले, आणि पासपोर्ट शोधायला आत गेले.

अभिजीत आईकडे बघतच राहिला. "म्हणजे दोड्डप्पांचं जमणारच नव्हतं? तुला हे कधी कळलं?"

"सकाळी."

"सकाळी! मग आल्या आल्या सांगायचं ना, आई. एवढं भांडण झालंच नसतं."

"म्हणून तर नाही सांगितलं," जमनाबाई म्हणाल्या. "आधी सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे म्हणाला असतात, अण्णांचं जमलं नाही म्हणून जमना गेली. मला जायचंय म्हणून मी जाते आहे, अभिजीत. हे तुम्हांला एकदा तरी माझ्या तोंडून ऐकायला लागणार होतं."