बेंजोवाल्याचा शर्ट

गेल्या रविवारी मुरबाडच्या एसटी स्टँडवर मी धसईच्या बसची वाट पाहत होतो. आदल्या रात्री हळदीत बेंजो वाजवून आलेला एक तरुण, अंगात पोपटी फुलांचा शर्ट, माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काका, दोन तास शर्ट बदलता का? मुलगी बघाया जायचंय. ह्या शर्टात बघून तिचा बाप म्हनंल, हा नाचा आला.”

माप सारखं होतं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. माझ्या पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून तो गेला; त्याची पोपटी फुलं माझ्या अंगावर राहिली.

ओळखीचे मास्तर मला बघून न बघितल्यासारखे पुढे गेले. एरवी साहेब म्हणणारा कंडक्टर ओरडला, “काय दादूस, कुठं हाय हळद?” मी पिशवी छातीशी धरली. दोनदा बाक बदलला.

तो परतला. बोटं मांडीवर सारखी चालत होती.

“जमलं?”

“बाप खूश. म्हनला, मानूस साधा दिसतो. पन तिनं मला हळदीत वाजवताना बघितलेलं. इचारलं, बेंजो वाजवता ना? बापासमोर मी म्हनलो, सोडला. मंग ती कप उचलून आत निघून गेली.”

“म्हणजे जमलं की.”

“बापाशी जमलं, काका,” शर्टाची बटणं काढत तो म्हणाला.