घोरपड म्हणून विकलेली बकरी

मी आयुष्यात एकदाच घोरपड मारली, आणि तीही नुसते डोळे मिटून. त्या मिटलेल्या डोळ्यांपायी पुढे असा घाबरलो, की आजही आठवलं तर हातातली आरी खाली ठेवतो. तरी सांगायला बसलो की थांबवत नाही, याला माझा इलाज नाही.

लाखनीत हायवेला लागून माझं दुकान आहे. मोबाईलची चामड्याची कव्हरं मी हाताने शिवतो. कमावलेलं कातडं रापीने कापायचं, आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्हीकडून ओढायचा, मग कडा घासून घासून काचेसारख्या करायच्या. एका कव्हराला दोन दिवस जातात. फळीवर सागवानी ठोकळे मांडलेत, एकेका मोबाईलच्या मापाचे. ओलं कातडं खऱ्या मोबाईलवर ताणून कसं चालेल? ते ठोकळ्यावरच वाळवावं लागतं. नागपूरचे डॉक्टर, वकील फोटो पाठवून ऑर्डर देतात. गावातले लोक मात्र किंमत ऐकून म्हणतात, "भाऊ, एवढ्यात तं मोबाईलच येते ना!"

याला अपवाद एकच. गावातले तांदळाचे मोठे व्यापारी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात. त्यांना दर वर्षी नवा मोबाईल लागतो, आणि जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल असं कव्हर.

दिवाळी नुकतीच झाली होती. शेठ दुकानात आले आणि त्यांची नजर भिंतीवरच्या नव्या कातड्यावर गेली. पिवळट तपकिरी, वर बारीक बारीक खवले. मी ते नागपूरहून आणलं होतं. होतं साध्या बकरीचं. कारखान्यात तापलेल्या लोखंडी ठशाखाली दाबून त्यावर खवले उठवलेले.

"हे कायचं हाये बे?" शेठनी विचारलं.

आता बकरीचं म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण माझ्या अंगात एक नट बसलेला आहे, आणि त्याला समोर प्रेक्षक दिसला की माझं ऐकत नाही. मी रस्त्याकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"शेठ, नका विचारू."

आमच्या भागात पूर्वी भजनी मंडळांच्या खंजिरीवर घोरपडीचं कातडं असायचं. तो खवल्यांचा पोत इथल्या कुठल्याही पोक्त माणसाला बोटांनी ओळखता येतो. आणि आता घोरपडीला हात लावणं म्हणजे वाघाला हात लावण्यासारखं, सरळ तुरुंग, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. शेठनी कातड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट तिथेच थांबलं.

"घोरपड?"

मी काही बोललो नाही. आई शप्पथ, एक शब्द बोललो नाही. फक्त डोळे मिटले, हळूच, देवळात मिटतात तसे.

शेठनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली. मी झडपेचं, पाकिटासारखं कव्हर शिवलं. त्याच कातड्याचं तसंच एक बायकोलाही शिवून दिलं. ते घेऊन ती मंडईला माहेरी, दिघोरीला गेली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते आणि लेकीबाळी माहेरी जातात. ती गेल्यावर आठवडाभर मी शेठचा चेहरा आठवून एकटाच हसत होतो.

मग समोरचा चहावाला आला. कप ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"काय जी, तुमी काय करून बसले?"

"काहून?"

"सकाळी खाकीतला एक साहेब आलता. जंगल खात्याचा. कव्हरवाला कुठं बसते म्हने. तुमचं दुकान बंद होतं तं गेला. उद्या येतो म्हने."

"मंग तू काय सांगतलं?"

"म्या म्हनलं, इथंच बसते, दररोज बसते, पळून कुठं जाते."

नंतर कळलं ते असं. एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या पंगतीत शेठनी मोबाईल पानाशेजारी ठेवला होता आणि शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले होते. शेजाऱ्याने पलीकडच्या कानात कुजबुज केली. वाढप्याने बुंदी आणेपर्यंत घोरपड पंगतीच्या टोकाला पोचली होती, आणि टोकाला जेवत होते वनखात्याचे साहेब.

त्या क्षणी मात्र मला एवढंच कळलं, की खाकी माझ्या दारापर्यंत येऊन गेली आहे. भिंतीवरचं उरलेलं कातडं माझ्याकडे बघत होतं. बकरीचंच होतं, मीच आणलं होतं, तरी मला आता त्यात घोरपडच दिसत होती. मी बायकोला फोन लावला.

"तुह्या मोबाईलचं कव्हर चुलीत टाक."

"काहून जी?"

"काहून विचारू नको. आत्ताच्या आत्ता."

"बह्याड झाले का? नवंकोरं कव्हर हाये."

"टाकतं का नाई?"

"हो जी, हो." आणि तिने फोन ठेवला.

मग मी ते कातडं गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि भंडाऱ्याची बस धरली. कारध्याला पुलाआधी उतरलो. दुपारची वेळ होती. ट्रक गेला की पूल पायाखाली थरथरायचा आणि मी वर. गर्दी तुटल्याचं पाहून गुंडाळी वैनगंगेत सोडली.

ती बुडेल अशी माझी समजूत होती. ती बुडली तर नाहीच, पाण्यावर उलगडली. सरळ लांब झाली, खवले उन्हात चमकले आणि धारेबरोबर मान हलवल्यासारखी वळवळत निघाली. खाली डोंग्यातून जाळं टाकणारा एक म्हातारा उभा राहिला आणि ओरडला, "अबे, घोरपड! घोरपड पोहून राहिली!"

मी जो पळालो, तो पूल संपल्यावरच मागे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. माझी कल्पना होती की मोठ्या मिशा असतील, आवाज चढा असेल. तसं काहीच नव्हतं. शांत माणूस. स्टुलावर बसले, एक ठोकळा उचलून उलटसुलट पाहिला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"शेठचं कव्हर तुम्हीच केलं?"

"हो साहेब. बकरीचं आहे साहेब. छापाचं."

"उरलेलं कातडं दाखवा."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळा होता. "उंदरांनी नेलं," मी म्हणालो. त्यांनी खिळा पाहिला. "म्हणजे थोडं नेलं. बाकीचं मी टाकलं."

"कुठे?"

"नदीत."

साहेबांनी ठोकळा फळीवर नीट जागच्या जागी ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं.

"बकरीचं होतं, तर नदीत कशाला टाकलं?"

मी फळीवरचे ठोकळे फडक्याने पुसायला लागलो. ते म्हणाले, उद्या दुपारी भंडाऱ्याच्या ऑफिसात या, शेठलाही बोलावलंय. समाधान झालं नाही तर कव्हर तपासणीला जाईल, आणि अहवाल येईपर्यंत तुमची व्यवस्था आमच्याकडे. 'व्यवस्था' हा शब्द त्यांनी पाहुण्याला म्हणावा तसा म्हटला.

ते गेले आणि मी जमिनीवर बसलो. समोर ठोकळे रांगेने उभे होते, पंच बसल्यासारखे. त्यांच्याकडे बघता बघता मला माझा धंदा आठवला. इतका वेळ भीतीने तोच विसरलो होतो.

जिवंत जनावराच्या अंगावर कुठलाही खवला दुसऱ्यासारखा नसतो. लोखंडी ठसा मात्र दर वीतभरावर तेच ते उठवत जातो. आणि त्या ठशात एक खवला तुटका होता, चंद्रकोरीसारखा. दर वीतभरावर तीच चंद्रकोर. माल घेतानाच मी ती पाहिली होती आणि कापताना दोन्ही कव्हरांत मुद्दाम झडपेच्या आत लपवली होती, खोट दिसू नये म्हणून. एका कव्हरात ती एकदाच येते, म्हणून एका कव्हराने काही सिद्ध होत नाही. अख्खं कातडं दाखवलं असतं तर दहा चंद्रकोरी दिसल्या असत्या, पण ते वैनगंगेत पोहत होतं. आता उरलं दुसरं कव्हर. ते बायकोजवळ. आणि ते चुलीत टाक म्हणून मीच सांगितलेलं.

फोन लावला, उचलेना. मंडईच्या गर्दीत तिला ऐकू तरी काय येणार? मी बसने साकोली गाठली, तिथे बस बदलली. खिडकीबाहेर कापलेल्या धानाच्या पेंढ्या बांध्यांमध्ये आडव्या पडल्या होत्या आणि मी हात जोडून बसलो होतो. देवा, लग्न झाल्यापासून या बाईने माझं एक ऐकलेलं नाही. काल तेवढं ऐकलं नसू दे.

सासुरवाडीच्या अंगणात ती बहिणींच्या घोळक्यात बसली होती. मला पाहून उठली.

"अवो! तुमी? तोंड कायले असं झालं?"

"कव्हर कुठं हाये?"

तिने मान खाली घातली. "तुमीच तं म्हनलं चुलीत टाक."

मी अंगणातल्या बाजेवर बसलो. बसलो म्हणजे पडलोच. माझ्या डोळ्यांसमोर कोठडीचं दार बंद झालं. सगळ्या साळ्या माझ्याकडे बघत होत्या. हिच्या तोंडावर मात्र हसू फुटलं. आत गेली, धान साठवायच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला, आणि मोबाईलसकट कव्हर वर काढलं, भुशाने माखलेलं.

"तुमचं ऐकलं असतं तं माहा संसार झाला असता का जी?"

मी झडप उघडली. चंद्रकोर जागेवर होती.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या ऑफिसात टेबलावर दोन्ही कव्हरं शेजारी शेजारी ठेवली. एका बाजूला शेठ. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला, कारण घोरपड विकणारा मी असलो तरी बाळगणारे ते होते. दुसऱ्या बाजूला मी, मागे बायको. मी दोन्ही झडपा उघडल्या आणि बोट ठेवलं. साहेबांनी खिशातून भिंग काढलं. किती वेळ पाहत होते, देव जाणे. चंद्रकोर इथे, चंद्रकोर तिथे. तिच्या वरच्या ओळीत सात खवले इथे, तेच सात तिथे. पंखा कुरकुरत होता आणि मला त्याचा प्रत्येक फेरा ऐकू येत होता.

"छापच आहे," शेवटी ते म्हणाले. मी श्वास सोडणार, एवढ्यात त्यांनी पुढचं विचारलं. "मग शेठला काय सांगितलं होतं?"

"काही नाही साहेब. मी एक शब्द बोललो नाही."

शेठ उसळले. "खोटं बोलून राहिला हा! यानं सांगतलं मले!"

"मी फक्त डोळे मिटले," मी म्हणालो.

मग शेठ सावकाश म्हणाले, "मिट बरं. साहेबाले दाखव, कसे मिटले होते ते."

शाळेच्या गॅदरिंगपासून मी आजवर पुष्कळ नकला केल्या, पण इतकी अवघड भूमिका मला कधी मिळाली नाही. मी खिडकीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला, "शेठ, नका विचारू," आणि डोळे मिटले. उघडायची हिंमतच होईना.

"मीही फसलो असतो," साहेबांचा आवाज आला.

डोळे उघडले तेव्हा शेठ कव्हरातून मोबाईल बाहेर काढत होते. रिकामं कव्हर त्यांनी माझ्यापुढे सरकवलं आणि उघडा मोबाईल तळहातावर घेऊन गाडीकडे गेले. एवढा मोठा माणूस, पण पाठीमागून अगदी लहान दिसला. बदल्यात दोन नवी कव्हरं शिवून देतो, असं मी मागून म्हणालो, ते त्यांनी ऐकलंही नसावं. साहेबांनी मला एक कागद लिहायला लावला, की यापुढे गिऱ्हाइकाला कातड्याचं नाव तोंडाने आणि खरं सांगेन. मी तो दोनदा लिहिला, पहिल्यावर घाम पडला म्हणून.

परतीच्या बसमध्ये कारध्याचा पूल आला तेव्हा बायको खिडकीतून पाण्याकडे पाहायला लागली.

"कुठं फेकलं जी?"

"तिथं."

"एवढं मोठं कातडं. माही पर्स झाली असती." मग तिने कव्हर मांडीवर घेतलं आणि अंगठ्याने खवले चोळत राहिली. "हे खरंच बकरीचंच हाये ना?"

"बकरीचं," मी डोळे उघडे ठेवून, मोठ्याने म्हणालो. पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं.

तिने कव्हर पदराखाली घेतलं. मी विचारलं, "काय झालं?"

"मंडईत सगळ्या बाया विचारत होत्या ना, कायचं हाये, घोरपडीचं का म्हनून. दिघोरीच्या बी, अन् भायेरगावच्या पाहुण्या बी."

"मंग? तू काय सांगतलं?"

"म्या कायले सांगू? म्या काईच नाई बोलली," बायको म्हणाली. "नुसती हसली."

लाखनी येईपर्यंत मी प्रत्येक थांब्यावर खाकीतलं कोणी चढतं का ते पाहत होतो.