फळ्यावरच्या खोट्या खुणा

रविवारी पाळकसाहेबांनी सेवेच्या गटाला उभं राहायला सांगितलं आणि सातही बायका उठल्या. इस्त्रीवाली ताई सगळ्यांत शेवटी उठली, गुडघा धरून. टाळ्या पडल्या. ताईला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्यासकट या सहा जणींना पोटात घ्यावं.

कारण गेले तीन महिने जात होती ती एकटीच.

झालं होतं असं. चौकापलीकडे तिसऱ्या मजल्यावर शाळेतून रिटायर झालेली एक हेडबाई अंथरुणाला खिळलेली. मागे ना पुढे कोणी. प्रभूच्या मागे जायचं तर नुसतं गाऊन भागत नाही, असा उपदेश पाळकसाहेबांनी दणकून केला. त्या भरात सात जणींनी नावं दिली, एकेकीला एकेक वार. सकाळी जायचं, बाईंना पुसून काढायचं, चादर बदलायची, चहा पाजायचा. चर्चमधल्या फळ्यावर नाव, आणि जाऊन आलं की नावापुढे खूण.

पण हेडबाईंची जीभ म्हणजे वस्तरा. पंधरवड्यात एकीची कंबर धरली, दुसरीच्या पोराची परीक्षा आली, तिसरीला जिना सोसेना. ताईचा वार सोमवार. मंगळवारी ती विसरलेली छत्री आणायला गेली, तर बाई भर दुपारी पहाटेच्या ओल्यातच पडलेल्या. "हजेरी लागली का तुझी?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून ताई रोज जायला लागली.

आणि तिथेच तिचं चुकलं. दर रविवारी उपासनेआधी ती गुपचूप सातही नावांपुढे खूण करायची. चारचौघात कुणाची अब्रू कशाला घालवायची, येतील उद्या, असं म्हणत. उद्या काही उजाडला नाही. तिकडे लाँड्रीचा मुकादम रोजच्या उशिराला कंटाळला. "सोमवारचं मी चालवून घेईन. बाकी दिवशी सातला टेबलावर नसलीस, तर टेबल दुसरीचं," म्हणाला. चौदा वर्षं ती त्या टेबलावर उभी होती.

आणि आता पाळकसाहेब टाळ्या थांबवून म्हणत होते, "गट इतका भक्कम चाललाय की आपण यांना आणखी एक घर देतोय. वॉचमनची बायको, लकवा झालाय."

बाहेर पायरीवर धाकटी जाऊ भेटली. गाण्यात पुढे असायची ती.

"ताई, काय छान वाटलं ना उभं राहताना? माझ्या तर अंगावर काटा आला."

"तुझा वार कुठला गं?"

"मंगळवार."

"शेवटची कधी गेलीस?"

जाऊ पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. "त्या मला बेसूर म्हणाल्या, ताई. पण रोज प्रार्थना करते हं मी त्यांच्यासाठी."

"प्रार्थना कर. पण चादर कोण बदलणार, तुझा सूर?"

ताई तशीच आत वळली. पाळकसाहेब पुस्तकं आवरत होते.

"त्या खुणा मी केल्यात. सगळ्या."

"सगळ्या? का पण?"

"चारचौघात त्यांची लाज जाऊ नये म्हणून."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "आधी सांगायचं ना, ताई."

"तुम्ही एकदा जिना चढला असतात तर सांगायला लागलं नसतं."

हे तोंडातून गेलं आणि तिचे कान तापले. पण परत घेतलं नाही. डस्टर उचलून तिनं फळा साफ पुसला, स्वतःच्या खुणेसकट. "उद्या माझा वार आहे, मी जाईन. मंगळवारी मी इस्त्रीवर. त्यांचं काय करायचं ते तुम्ही बघा."

मंगळवारी ती सातला टेबलावर होती खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. बोलावलंस तर मला एकटीलाच का बोलावलंस, असं देवाशी भांडत ती शर्टामागून शर्ट दाबत होती. चहाच्या सुट्टीत राहवेना. चप्पल घातली आणि धावली. तीन मजले चढून दारात पोचली तर आतून हेडबाईंचा आवाज.

"पदर खोच आधी. आणि पाळक, कप विसळायचा असतो, त्याला आशीर्वाद द्यायचा नसतो."

जाऊ बादली घेऊन वाकलेली, केस विस्कटलेले. वर बघून म्हणाली, "मनाचं समाधान झालं ना, चुगलखोर?"

ताई दारातूनच मागे फिरली. सुट्टी संपत आली होती.

त्याला आता महिना झाला. जाऊ मंगळवारी जाते, पण ताईशी बोलत नाही. बाकीच्याही तोंड फिरवतात. पाळकसाहेबांनी गुरुवार घेतलाय, बाईंना पुसायच्या वेळी दाराबाहेर थांबून कुणा ना कुणा बाईला आत पाठवतात. वॉचमनच्या बायकोकडे दोघी जायला लागल्यात. हेडबाईंचा बुधवार आणि शनिवार मात्र अजून कुणी घेत नाही. त्या दिवशी ताई काम सुटल्यावर जाते. दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढताना पायरीपायरीला कुरकुरते, आणि वर पोचली की उशिराबद्दल बोलणी खाते.