मामांच्या औषधातला निळा ठिपका

चहा निवला तरी चालेल, पण माझ्या हुशारीचा हा पराक्रम ऐकाच! त्यात मी माझ्या सख्ख्या मामांचं दुकान जवळजवळ बुडवलं होतं.

मामांचं सौसरला फवारणीच्या औषधांचं दुकान. मोहगाव, लोधीखेड्याचे शेतकरी वाटेतली तीन दुकानं सोडून त्यांच्याकडे येतात. कारण एकच, मनोहरभाऊंचा माल अस्सल! आणि मी त्यांची भाची, त्यांच्याच घरी राहून पांढुर्ण्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होते.

माझा प्रोजेक्ट होता, कोणतं औषध पाण्याला किती टाळतं ते मोजायचा. ज्याचं पाण्याशी जमतं ते वाहून विहिरीत जातं, ज्याचं जमत नाही ते फळाच्या सालीला चिकटून बसतं. म्हणून हा खटाटोप. मोजायचं कसं? काचेवर पांढऱ्या पावडरचा थर द्यायचा, त्याला तेल पाजायचं. बारीक नळीने खाली औषधाचा थेंब ठेवायचा आणि काच पाणी-अल्कोहोलमध्ये उभी करायची. पाणी वर चढतं. पाण्याला टाळणारं औषध तेलाला धरून खालीच राहतं, बाकीची वर पळतात. मग खास दिव्याखाली बघायचं, कोण कुठवर पोचलं.

मामांच्याच दुकानातली चार औषधं आणली, दिवा लावला आणि काय सांगू! प्रत्येक औषधाच्या ठिपक्याशिवाय आणखी एक निळा, चमकणारा ठिपका. चारही औषधांत, एकाच उंचीवर!

शहाणा माणूस अशा वेळी प्रोजेक्टच्या मॅडमना विचारतो. मी मामांना फोन लावला.

"मामाजी, तुमच्या औषधात मिलावट हाय!"

"काय बोलून राहिली तू? कोणत्या औषधात?"

"सगळ्याच!"

फोन स्पीकरवर आहे हे मला कुठे ठाऊक? मामांसमोर चार गिऱ्हाइकं बसलेली. संध्याकाळी सौसरला उतरले तर दुकानापुढे ही गर्दी! लोधीखेड्याचे एक काका औषधाचा डबा परत घेऊन उभे.

"भाऊ, तुमची भाचीच म्हणून राहिली, तं आमी काय फवाराव?"

मामा डब्यावरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचत राहिले. फार वाईट वाटलं हो. पण खोटं कशाला बोलू, आतून मान थोडी ताठच होती. केवढा घोटाळा पकडला होता आपण!

दुसऱ्या दिवशी मामा माझ्यासोबत कॉलेजात आले. मॅडमनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "नुसत्या अल्कोहोलचा थेंब ठेव. माझ्यासमोर."

ठेवला. निळा ठिपका हजर!

"आता अल्कोहोलमध्येही मिलावट?"

"दिसते तर तसंच, मॅडम."

मॅडमनी दिवा सरळ माझ्या हातांवर धरला. दहाची दहा बोटं निळी!

"काय खाऊन आलीस?"

संत्री! आमची बोरगावला बाग. हंगामात आमच्याकडे पाणी तरी कोणी पितं का? लॅबच्या पायऱ्यांवर बसून सोलायची, खायची, ओढणीला हात पुसायचे आणि आत येऊन त्याच बोटांनी दर थेंबानंतर नळी पुसायची. हातमोजे? ते होते की, खुंटीला. सालीचं तेल त्या दिव्याखाली निळं चमकतं, आणि चारही औषधांत ते मीच घालत होते!

"औषधात संत्रं गेलं ते सोड," मॅडम कडाडल्या, "संत्र्यासोबत औषध पोटात गेलं असतं म्हणजे?"

परतीच्या बसमध्ये मामांनी नेहमीसारखं माझंही तिकीट काढलं. रागावले असते तर परवडलं असतं. दुकानापुढे गर्दी तशीच होती. मामांनी मला हाताला धरून पुढे उभं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आयका हो! औषध एकदम अस्सल हाय. मिलावट आमच्या भाचीत हाय!"

सगळे खो खो हसले. लोधीखेड्याच्या काकांनी आपला डबा पुन्हा काखेत मारला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मामांना विचारलं, "डबा राहू द्या भाऊ. पण हिले वापस करता येते काय?"