मनगटावरचा पट्टा

चकलांब्याच्या कौशल्याबाईला कुणी आजारी म्हटलेलं खपत नसे. दर दिवाळीनंतर ती नवरा सुग्रीवबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला जायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको अंथरुणाला खिळली की नवऱ्यालाही टोळीत कुणी विचारत नाही. त्या साली मात्र तिला घेरी यायला लागली होती. जावं की राहावं, हे तिला ठरवायचं होतं.

अशात शाळेत पुण्याची एक कंपनी आली. मनगटावर बांधायचा, आपोआप बीपी मोजणारा पट्टा बरोबर मोजतो का, हे त्यांना बघायचं होतं. गावाने मात्र आरोग्य शिबिरच आलं असं धरलं. मनगट मोकळं करा म्हटल्यावर कौशल्याबाईने आधी दोरा बांधला, मग बांगड्या उतरवल्या. सवाष्णीने हात रिकामा ठेवायचा नसतो. मग कंपनीचा डॉक्टर एकदा कानाला नळ्या लावून दंडावर मोजायचा, एकदा पट्टा मोजायचा.

बीपी भयंकर वाढलेलं होतं, दोन्हीकडे सारखंच. आणि डॉक्टरचा चेहरा खुलला. का नाही खुलणार? पट्टा पारखायला एवढ्या बीपीची माणसं त्यांना मिळतच नव्हती. त्याने तिला पुन्हा पुन्हा बसवलं, चहा पाजला. आकडा सांगितला नाही, तिनेही विचारला नाही. सासरा गेला तेव्हा डॉक्टरांची तोंडं कशी उतरली होती ते तिने पाहिलं होतं. इथे तर डॉक्टर हसत होता.

घरी येऊन ती सुग्रीवला म्हणाली, "मला काय बी झालं न्हाई. डाक्टर लई खुश व्हता. कोयत्याला धार लावा."

पौषात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती कोसळली. उजवं अंग गेलं, वाचाही अर्धी गेली.

गेवराईत कॉलेजला असलेली तिची लेक, राजनंदिनी, घरी आली आणि तिने त्या डॉक्टरला फोन लावला. तेव्हा आईचं बीपी किती होतं ते त्याने लगेच सांगितलं. मग आम्हाला का सांगितलं नाही, तिने विचारलं. तो गोड आवाजात म्हणाला, "आमची तपासणी यंत्राची होती, पेशंटची नव्हती." वर आईंच्या आकड्यांचा फार उपयोग झाला, हेही सांगितलं. असल्या गोडव्याची मला चीड येते. बाजारातला व्यापारीसुद्धा बैल लंगडतोय एवढं तोंडावर सांगतो.

राजनंदिनी फोन ठेवून आत आली. बाजेवरून आईने अडखळत विचारलं, डॉक्टर काय म्हणाला.

"पट्टा बरोबर हाय म्हनला."

कौशल्याबाईने डाव्या हाताने लुळं मनगट चाचपलं.

"मंग म्या कावून पडले गं?"