दुसऱ्या दिवशीचा ताप

आमच्या वाडीत घर सोडून जाणं ही दरसालची गोष्ट होती. दसरा झाला की धारूरच्या घाटाखाली ट्रक येऊन उभे राहायचे आणि अर्धी वाडी त्यात बसून ऊस तोडायला निघायची, कुठल्या कुठं, नदीकाठच्या एका सहकारी कारखान्यावर. त्या मुलखात पाणी होतं, ऊस होता, कारखाना होता. कमी होती ती फक्त माणसं, आणि ती आम्ही पुरवायचो. मी पाचवीत होते त्या साली पावसानं पाठच फिरवली. ज्यांनी जन्मात कोयता धरला नव्हता तेही त्या साली ट्रकमध्ये चढले. माय आणि नाना, म्हणजे माझे आईवडील, तर जुनेच तोडकरी. मला शाळेसाठी चुलतीकडं ठेवलं आणि दहा महिन्यांची शेवंती मायच्या कडेवर गेली. ट्रक हलला तशी मी रडायला लागले. "रडू नगंस, लेकरू बावरतंय," माय वरून म्हणाली. लेकरू कुठलं बावरतंय! ते फाळक्यावर दोन्ही हात आपटत माझ्याकडं बघून हसत होतं. शेवंतीला मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

खरं घडलं ते आदल्या दिवशी. सिस्टरबाई डोस द्यायला वाडीत आल्या होत्या. शेवंतीचा गोवराचा डोस राहिला होता, आणि शाळेच्या ओट्यावर तिला कुणी आणलं नाही म्हणून बाई पेटी घेऊन थेट आमच्या दाराकडंच निघाल्या. मायनं त्यांना लांबून पाहिलं. मागच्या डोसाच्या दुसऱ्या दिवशी शेवंती फणफणली होती, तीन दिवस ताप उतरला नव्हता. आता दुसऱ्या दिवशी ट्रक, वर ऊन, तापलेलं पोर घेऊन दोन दिवस उघड्यावर जायचं कसं? आणि मागं राहिलं तर टोळी थोडीच थांबणार. मायनं शेवंतीला पदराखाली घेतलं, आतल्या खोलीत जाऊन बसली आणि मला दारात ढकललं. "म्हन, शेवंती मामाकडं गेलीया."

मी म्हणाले. मी शाळेतली हुशार पोरगी, पहिल्या बाकावरची. सिस्टरबाईंना माझा संशय यायचं कारणच नव्हतं. त्यांनी वही उघडली, शेवंतीच्या नावापुढं 'बाहेरगावी' असं लिहिलं, माझ्या गालाला हात लावला आणि पुढच्या घराकडं गेल्या. आत शेवंती दूध पीत होती. मला त्या वेळी आपण मायच्या कामाला आलो याचा अभिमानच वाटला होता, हे लपवून काय उपयोग.

संक्रांतीनंतर एक दिवस शाळेतून आले तर माय चुलतीच्या ओट्यावर बसलेली. कडेवर कुणी नव्हतं. "बाई आलती अंगावर," ती चुलतीला सांगत होती. "संगं घिऊन गेली." बाई म्हणजे देवी, आणि देवी म्हणजे गोवर. फडाशेजारच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, मायनं दाराला लिंबाचा पाला बांधला, भाजीला फोडणी द्यायची बंद केली, सगळं रीतीनं केलं. पोरीच्या छातीत कफ भरला तरी देवीचा कोप होईल म्हणून दवाखान्यात कुणी नेऊ दिलं नाही. माय माझ्याकडं बघत नव्हती, मी तिच्याकडं बघत नव्हते. सिस्टरबाईंचं नाव आमच्या दोघींत पुढं कितीतरी वर्षं निघालं नाही. नानांना तर ती गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही.

बारावीनंतर मी अंबाजोगाईला मेडिकलला लागले. सोडायला नाना आले होते. एसटीतून उतरल्यावर त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "कुनी इचारलं तर बाप शेतकरी हाय म्हन. तोडीचं नगं काढू." मी काढलं नाही. खोटं बोलण्याचा सराव मला होताच.

तिथंच एका दुपारी लायब्ररीत मी गोवराचं प्रकरण वाचलं. डोसाडोसात फरक असतो. मागच्या डोसाचा ताप लगेच येतो, पण गोवराच्या डोसाचा ताप दुसऱ्या दिवशी येत नाही. आलाच तर आठवड्यानंतर येतो, तोही बेताचा. म्हणजे ट्रकमध्ये शेवंतीला काहीएक झालं नसतं. माय ज्या तापाला भ्याली तो ताप येणारच नव्हता. मी ते वाक्य चारपाच वेळा वाचलं आणि पुस्तक परत देऊन टाकलं. हे मायला कधीही कळू द्यायचं नाही, एवढं मात्र मी त्याच दुपारी ठरवलं.

पुढं पुण्याला एमडी झाले आणि विषाणूंच्या प्रयोगशाळेत राहिले, ती राहिलेच. सुट्टीला वाडीत गेले की बाया विचारायच्या, "तू डाक्टर ना, मग पेशंट कावून न्हाई तुला?" मी हसायचे. मी काय करते ते सांगणार कसं? ज्यानं शेवंतीला नेलं त्याला मी इन्क्युबेटरमध्ये सदतीस अंशांवर वाढवते, त्याला पेशी पुरवते, चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. पेशी एकमेकींना चिकटून त्यांचा मोठा गोळा झाला की समजायचं, हा तोच. आमच्या सरांची शिस्त कडक होती. दिसलं तेवढंच लिहायचं. अंदाजानं एक शब्द लिहिला की रिपोर्ट परत. त्या टेबलावर मी आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. कधीकधी नमुन्यांसोबत ऊसतोडीच्या टोळ्यांवरचे फॉर्म येतात. वय अकरा महिने, डोस माहीत नाही. वाडीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, त्या फॉर्मवर मला आपली आडनावं दिसतात, आणि त्या दिवशी डबा तसाच घरी परत येतो.

नाना गेल्यावर मायला पुण्याला आणलं. तिला लिफ्टची भीती वाटायची, पण नळाचा राग यायचा. "चौथ्या माळ्यावर पानी चढतंय, आन् आमच्या डोंगरात टँकर चढंना," असं ती नळालाच सुनवायची. आम्ही दोघी भाजीवर, पाव्हण्यारावळ्यांवर खूप बोलायचो. शेवंतीवर नाही.

परवाच्या रविवारी माय मेथी निवडत होती आणि शेजारची सून बाळाला घेऊन आली. गोवराचा डोस देऊन आणलेलं, आणि उद्याच त्यांना गावाला निघायचं होतं. "मॅडम, प्रवासात ताप येईल का हो?" मी सवयीनं बोलून गेले, "छे, याचा ताप लगेच येत नसतो. आलाच तर आठ-दहा दिवसांनी, थोडासा." सून निघून गेली. मग मला मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज थांबलेला कळला.

"शेवंतीला आला असता का गं?" मायनं विचारलं. "दुसऱ्या दिशी?"

माझा सगळा जन्म त्या एका प्रश्नाचं उत्तर शिकण्यात गेला होता. "आला असता, माय," मी म्हणाले. "सगळ्यांचं अंग सारखं नसतं."

ती माझ्याकडं बघत राहिली, चुलतीच्या ओट्यावर जशी बघू शकली नव्हती तशी. "खोटं बोलाया मीच शिकवलं तुला," ती म्हणाली आणि ताट बाजूला सारून रडायला लागली. मी तिला धरून खाली फरशीवर बसले. मीही रडले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

हे सगळं मी मायला विचारूनच लिहिलं आहे. वाडीतलं घर आता पडायला आलंय, तिथं आम्हाला राहा म्हणणारं कुणी नाही. पुण्यातला फ्लॅट माझा आहे, पण इतकी वर्षं त्यात आम्ही दोघी जपून जपून, पाव्हण्यासारख्या राहिलो. आता त्यात शेवंतीचं नाव घेता येतं, म्हणून मी त्याला घर म्हणायला लागले आहे. काल माझ्या केसांना तेल लावता लावता मायचा हात मध्येच थांबला.

"चाळिशीला आली असती न्हाई आता?"

"आली असती, माय."